पहाऱ्याचा हिशेब

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या नौदलाने हौशी लोकांच्या मोटरबोटी किनाऱ्यावरच्या पहाऱ्यासाठी घेतल्या, असे मी वाचनालयात वाचले. काहींचे भाडे नाममात्र एक डॉलर! सहलीच्या बोटीवर छोटी तोफ बसली, ‘एस.पी.’ अक्षरांसह क्रमांक मिळाला. काही मालक स्वतःच राखीव नौदलात भरती झाले. पुष्कळ बोटींना शत्रूची पाणबुडी कधी दिसलीच नाही. १९१८ साली युद्ध थांबले. बोटी मालकांकडे परतू लागल्या.

कॉमर्सचा विद्यार्थी मी. मनात म्हटले, ‘जमा शून्य!’

माझे वडील एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी आहेत. रोज पहाटे ते वहीत लिहितात, ‘सर्व ठीक.’ ती नोंद कोणत्या खात्यात जमा धरायची?