बोंबील, कॉड आणि आकड्यांची फसगत

आम्ही नागपूरकर. मुंबईचा समुद्र रेल्वेने 800 किलोमीटरहून लांब. तरी इथल्या बाजारात सुकट, सुके झिंगे, सुके बोंबील मिळतातच. बर्फ आणि फ्रीज यायच्या आधी समुद्र विदर्भात आला तो वाळूनच!

युरोपात हेच काम कॉड नावाचा मासा हजार वर्षांपासून करतोय. आपल्याकडे वर्सोव्याला बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने दोरीवर वाळवतात. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर दोन कॉड शेपटीला बांधून लाकडी मांडवावर टांगतात. आपल्याकडे ऊन, तिकडे थंड वारा. कॉडची चरबी मांसात नाही, यकृतात साठते. म्हणून वाळलेलं मांस वर्षानुवर्षं खवट होत नाही, आणि यकृतातून निघतं कॉड लिव्हर ऑईल. लहानपणी त्या पिवळ्या कॅप्सूल गिळल्यात ना? त्याच!

कॉडची मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. असा मासा संपणार कसा? कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रात 1968 साली सुमारे 8 लाख टन कॉड पकडला गेला. आणि 2 जुलै 1992 ला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी उठली थेट 2024 मध्ये, तीही फक्त 18 हजार टनांपुरती.

मग आधी कळलं कसं नाही? सोनार यंत्रं (दागिनेवाला सोनार नव्हे!) उरलेसुरले थवे बरोबर शोधून देत होती, त्यामुळे जाळी भरतच होती. जाळी भरली म्हणजे समुद्र भरलेला, हा हिशोब सरकारी तज्ज्ञांनीही धरला. आमच्या धंद्यात सांगायचं तर सर्व्हर बसायच्या आदल्या रात्रीपर्यंत डॅशबोर्ड हिरवागार! मोजमाप अचूक होतं हो, पण भलत्याच गोष्टीचं. त्यात तिकडचा कॉड वयात यायलाच पाच-सात वर्षं लागतात. मोठ्या माद्या गेल्या की लाखो अंड्यांचा हिशोब कागदावरच राहतो.

हे फार लांबचं वाटतंय? 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केलं, ते काही नुसतं कौतुक म्हणून नाही. पापलेट कमी होत चाललंय आणि त्याची पिल्लंच जाळ्यात येतायत, म्हणून.

असो. बाजारात भाव तर आपण विचारतोच, जरा आकारही बघू या. तळहातात मावणारं पापलेट स्वस्तात मिळालं, तर त्याने बहुधा एकदाही अंडी घातलेली नसतात. ते तिथेच राहू द्यावं. मोठं परवडत नसेल तर सुके बोंबील आहेतच की!