रित्या ट्रकाचा ताल

पावसाळ्यात घुमटाचं चामडं सैल पडतं. थाप मारली तरी आवाज मडक्यातच राहतो. जुलै २०१९ मध्ये पेडण्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही बँडचं पहिलं गाणं रेकॉर्ड करत होतो, तेव्हा दर अर्ध्या तासाने कुणीतरी घुमट पिवळ्या बल्बखाली शेकत बसायचं. खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या, तरी पत्र्यावरचा पाऊस आत यायचाच. सर थांबली की गायचं, पुन्हा आली की चहा.

आम्ही चौघे. मी आणि बेस वाजवणारा पेडण्याचे, गाणारा आणि ड्रमर डिचोलीचे. घरी कोकणी बोलायची, आरत्या आणि दशावतार मराठीत ऐकायचे, आणि गिटार शिकायची ती इंग्रजी गाण्यांवर, अशीच आमची सगळ्यांची वाढ झाली. गाणं मराठीत लिहिलं गेलं, कारण गाणाऱ्याला पहिली ओळ मराठीत सुचली. एवढंच.

घुमट डिचोलीच्या कुंभाराकडून आणलं होतं. पूर्वी त्याच्या मोठ्या तोंडावर घोरपडीचं चामडं चढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि बकऱ्याचं आलं. आम्ही गाणं केलं त्याच वर्षी सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आमच्या वाड्यावर आरतीला घुमट वाजवणाऱ्या आजोबांना मी कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं. गिटारबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ‘‘शामेळ खंय?’’ आरतीत घुमटाच्या जोडीला वाजणाऱ्या शामेळाशिवाय घुमट त्यांना पोरकं वाटलं. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

घरच्या खोलीत गाणं करण्याचं धैर्य आम्हाला नदीपलीकडून मिळालं होतं. पेडणे आणि बार्देश यांच्यामध्ये शापोरा नदी आहे आणि तिच्या दुसऱ्या काठावर शिवोली. तिथे रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट घरातच रेकॉर्ड केली आणि स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवरून गावोगावच्या दुकानांत स्वतः पोचवली. कंपन्या नंतर आल्या. १९८६ मध्ये राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमोने त्यांच्यासमोर, त्यांनाच उद्देशून गाणं म्हटलं. इथले पुढारी खवळले. रेमोने वर्तमानपत्रांतली कात्रणं पंतप्रधानांना पाठवली, तेव्हा त्यांना त्यात वावगं काही वाटलं नसल्याचं उत्तर आलं. ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती, की गाण्याला दाद मिळते ती अशीच, पत्राने, वरून येते असं माझ्या मनाने घेतलं होतं. आमच्या गाण्याचं वेगळं झालं.

आमचं गाणं खाणींवर होतं. नेमकं सांगायचं तर खाणी बंद झाल्यानंतरच्या रस्त्यावर. डिचोली तालुक्यातून लोहखनिजाचे ट्रक सारमानसच्या धक्क्याकडे जायचे, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदरात. चीनची मागणी वाढली तशा खेपा वाढल्या, ट्रक वाढले, रस्त्यावरची लाल धूळ वाढली. बेकायदा खाणकामावर शाह आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. काही वर्षांनी पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. गाण्यात आम्ही लिहिलं होतं, की झाडांची पानं परत हिरवी झाली, वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत पांढरं राहिलं, पोरं रस्त्यावर सायकल शिकली. मी आणि बेसवाला ते मोकळ्या श्वासाचं गाणं समजून वाजवत होतो.

ड्रमरने मात्र त्यात एक विचित्र ताल घातला होता. एका पत्र्याला लोखंडी साखळी बांधून तो प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ती हलवायचा. खडाड, खड, खडाड. आम्हाला तो आवडला. कुठून आला ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये गाणं प्रसिद्ध केलं. पहिल्या आठवड्यात ऐकलं ते मित्रांनी आणि मित्रांच्या मित्रांनी. पर्यावरणाचं गाणं म्हणून पणजीतल्या काही जणांनी कौतुक केलं, आम्हालाही बरं वाटलं. पुढे हंगाम सुरू झाल्यावर मोरजीच्या एका शॅकमध्ये वाजवलं, तर लोक वाळूत नाचले. शब्द त्यांना कळत नव्हते, घुमटाची थाप कळत होती. पण तोवर आमच्यासाठी गाणं बदललेलं होतं. कारण मध्ये चतुर्थी येऊन गेली होती.

२ सप्टेंबरला चतुर्थी. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही ड्रमरच्या घरी डिचोलीला गेलो. आरती झाली, करंज्या झाल्या, आणि कुणीतरी म्हणालं, ‘‘पोरांनी गीत केलां म्हणटात, लाया पळोवया.’’ खोलीत दहा-बारा माणसं होती. त्यातले निम्मे ट्रकवाले, म्हणजे एके काळचे. हे आम्हाला माहीत होतं. तरीही आम्ही गाणं लावलं ते अगदी निर्धास्तपणे, म्हणजे आम्हाला खरं काहीच माहीत नव्हतं.

गाणं संपलं. कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या एकाने विचारलं, ‘‘हें गीत कोणा खातीर?’’ आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गाणारा काहीतरी सांगू लागला, पानांबद्दल, धुळीबद्दल. ड्रमरच्या वडिलांनी त्याला हाताने थांबवलं. म्हणाले, ‘‘पुता, धुल्ल पडटाली तेन्ना घरांत पोयशेय येताले.’’ त्यांनी कर्ज काढून ट्रक घेतला होता. हप्ते फिटायच्या आत रस्ता बंद झाला. ट्रक अंगणात उभा होता, आम्ही त्याच्याच बाजूने घरात शिरलो होतो. टपावर दोडक्याचा वेल चढला होता.

मग ते म्हणाले, तो खडखडीचा भाग परत लाव.

लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. ‘‘हो रितो ट्रक,’’ ते म्हणाले. बाकीच्या ट्रकवाल्यांनी माना डोलावल्या. मग ते आम्हाला समजावू लागले आणि मी आयुष्यात ऐकलेलं गाण्याचं सगळ्यात अचूक रसग्रहण ते होतं. भरलेला ट्रक धक्क्याकडे जाताना वाजत नाही. वजनाने पाटे दबलेले असतात, मागचा फाळका घट्ट बसलेला असतो. माल ओतून परतताना फाळका सुटा होतो, साखळी आपटते, खड्ड्याखड्ड्यात सगळं लोखंड बोलतं. भाडं खेपेवर. म्हणून रिता ट्रक सगळ्यात जोरात पळायचा, पुढची खेप धरायला. जेवढी खडखड मोठी तेवढा दिवस चांगला.

आम्ही तो आवाज उजाडपणाचा समजून वाजवला होता. त्या खोलीत तो कमाईचा आवाज होता.

परतताना ड्रमर गाडीत म्हणाला, की लहानपणी रात्री तो अंथरुणात जागा राहायचा. रस्त्यावरून शेकडो ट्रक जायचे, पण बाबांच्या ट्रकाची साखळी त्याला ओळखू यायची. ती ऐकली की झोप लागायची. २०१२ मध्ये तो शाळेत होता. त्या सप्टेंबरात एके रात्री एकही साखळी वाजली नाही. आम्ही चार महिने एका खोलीत सराव केला आणि हे मला त्या रात्री कळलं, याचं मला फार वाईट वाटलं.

शब्द बदलायचे का, यावर आमचं भांडण झालं. मी बदलण्याच्या बाजूने होतो. गाणारा म्हणाला, पानं हिरवी झाली हे खोटं नाही. मुलं धुळीने खोकत होती, शेतांत खाणीचा गाळ उतरत होता, हे त्याच तालुक्यात त्याने पाहिलं होतं. शेवटी शब्द तसेच ठेवले आणि मिक्सिंग नव्याने केलं. साखळी पुढे आणली. शेवटी गिटार, घुमट, सगळं थांबतं आणि ती एकटी उरते. या वेळी ती पत्र्याची नव्हती. ड्रमरच्या वडिलांनी वेल बाजूला करून आपल्या ट्रकाचा फाळका सोडला आणि तो स्वतः हलवला, आम्ही मायक्रोफोन धरला. एका टेकमध्ये झालं. दुसऱ्यांदा ते नको म्हणाले.

डिचोलीत आता ते गाणं लोक मागून घेतात. कुणी नाचत नाही, कुणी टाळ्यांचीही घाई करत नाही.

पेडण्यातली गोष्ट अजून चालू आहे. आम्ही गाणं केलं त्या पावसाळ्यात मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाचं काम न्यायालयाच्या आदेशाने थांबलेलं होतं. जानेवारी २०२० मध्ये परवानगी मिळाली, डंपर सुरू झाले, आणि लाल धूळ आमच्या बाजूला आली. आई दुपारीच कपडे आत घेऊ लागली. माझा एक चुलतभाऊ तिथे डंपर चालवायला लागला, त्याच्या घरी नवा फ्रिज आला. रात्री परतणारे रिते डंपर मला अंथरुणात ऐकू यायचे. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं.

त्यानंतर पेडण्याच्या बाजूला आम्ही हे गाणं वाजवलं, की शेवटी सगळी वाद्यं थांबतात, साखळी एकटी वाजते, आणि समोर बसलेल्यांपैकी काही जण मान वळवून रस्त्याकडे बघतात.