ओमा उंट ओपा

आमची कन्या व जावईबापू गेली सात वर्षे जर्मनीत गटिंगेन या गावी राहतात. जावईबापू तेथील एका संशोधनसंस्थेत काम करतात. कसले काम, ते त्यांनी आम्हांस दोनदा समजावून दिले असल्याने तिसऱ्यांदा विचारणे बरे दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्हां उभयतांस नव्वद दिवसांचा प्रवासपरवाना मिळाला व आम्ही तेथे जाऊन आलो. परतल्यापासून आळीतील मंडळी विचारतात, 'ऱ्हाईन नदी पाहिलीत का? राजवाडे पाहिलेत का?' खरे उत्तर असे, की ते तीन महिने आम्ही शाळेत होतो. गुरुजींचे वय साडेचार वर्षे. नात्याने ते आमचे नातू लागतात.

जाण्यापूर्वी आमचा रुबाब निराळा होता. पस्तीस वर्षे संस्कृत शिकविण्यात गेलेली. सात विभक्ती, आठवे संबोधन, तीन वचने, दहा लकार, हे सारे ज्याच्या जिभेवर, त्याने चार विभक्तींच्या आणि दोन वचनांच्या भाषेस काय भ्यावे? रोज सिंहगड चढणाऱ्यास पर्वतीचे भय ते कसले? हा विचार आम्ही घरात बोलून दाखविला, तेव्हा आमचे कुटुंब भाजी निवडता निवडता म्हणाले, 'अहो, पण तिथं बोलायचं असतं ना? संस्कृत तरी तुम्ही कधी कुणाशी बोललात?' या प्रश्नास उत्तर नव्हते, म्हणून आम्ही बाजारात गेलो.

पण रुबाबाखाली एक सल होता, तो सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. दर रविवारी आम्ही दूरध्वनीवरून नातवाशी बोलत असू. तिसऱ्या वर्षापर्यंत तो मराठीत बोबडे बोले. किंडरगार्टनमध्ये जाऊ लागला तशी त्याची उत्तरे जर्मनमध्ये येऊ लागली, आणि पुढे पुढे तर येईनाशीच झाली. आम्ही काही विचारावे, त्याने आईच्या तोंडाकडे पाहावे, आणि आईने दुभाष्याचे काम करावे. आजोबा आणि नातू यांच्यामध्ये दुभाष्या बसावा, ही गोष्ट आम्हांस फार लागली होती.

गटिंगेनला पोहोचलो त्याच सायंकाळी शेजारच्या एक वृद्ध बाई भेटावयास आल्या. नातवाने आमच्याकडे बोट करून मोठ्या ऐटीत सांगितले, 'दास झिंट मायनं ओमा उंट माइन ओपा!' ओमा म्हणजे आजी व ओपा म्हणजे आजोबा, एवढे आम्हांस ठाऊक होते. कुटुंबाने हळूच विचारले, 'अहो, आपल्या दोघांमध्ये हा उंट कुठला?'

हा उंट म्हणजे 'आणि'. लिहिताना शेवटी 'ड' असतो, परंतु शब्दाच्या अखेरीस मृदु व्यंजन आले की जर्मन माणूस ते कठोर करून टाकतो. त्यामुळे या देशात वाक्यागणिक एक उंट चालत असतो. दिवसाला म्हणतात 'टाक', म्हणजे दुपारी भेटणारा प्रत्येक जण 'गूटन् टाक' म्हणून आपणास काहीतरी टाकावयास सांगतो. आणि होकार द्यावयाचा तर म्हणतात 'या'. पहिले दोन दिवस आम्ही प्रत्येक 'या'बरोबर दोन पावले पुढे सरकत होतो.

उच्चारांत संस्कृतज्ञास एक सुख मात्र आहे. आपल्या शिक्षाग्रंथांत जिह्वामूलीय नावाचा वर्ण सांगितला आहे. क-खच्या आधी येणाऱ्या विसर्गाचा तो घशाजवळचा उच्चार. आम्ही तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दाखविला, कानांनी मात्र क्वचितच ऐकला. येथे तो भाजीवालीच्या तोंडी आहे! रात्रीस 'नाख्ट' म्हणताना, आठास 'अख्ट' म्हणताना तो अगदी स्वच्छ ऐकू येतो. या उलट खुद्द गावाच्या नावाने आमची फजिती केली. आम्ही 'गटिंगेन' लिहितो खरे, पण त्यातला पहिला स्वर म्हणावयाचा तर ओठ 'ओ'चे ठेवावेत आणि जिभेने 'ए' म्हणावे. तसाच दुसरा एक: ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. आम्ही आरशासमोर उभे राहून आठवडाभर तो साधीत होतो. कुटुंबास तो पहिल्या दिवशीच आला. चूल फुंकण्याची सवय, दुसरे काय!

लिंगविचार जेवणाच्या मेजावर सुरू झाला. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. तिन्ही एकाच खणात राहतात, पण 'डेअर', 'डी' आणि 'दास' अशी तिघांची उपपदे निराळी. सूर्य तेथे स्त्री आहे. चंद्र पुरुष, म्हणून आपला चांदोबा तेवढा मामा राहिला, हे नशीब. मुलगी नपुंसक! लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की शब्द नपुंसक होतो, आणि 'मेटशन' या शब्दास तो लागलेला आहे. नातू यात एकदाही चुकत नसे. आम्ही दर घासाला चुकत होतो. शेवटी आम्ही त्यास आईच्या मध्यस्थीने विचारले, 'चमचा पुरुष का?' त्याने क्षणभर आमच्याकडे दयेने पाहिले व म्हटले, 'वाइल एस झो इस्ट.' 'कारण ते तसे आहे.' आम्ही गप्प बसलो. बायको या एकाच अर्थाचे 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' पुल्लिंगी, तेही सदैव बहुवचनी, असे का, हे आम्हांस दर वर्षी एखादा चौकस विद्यार्थी विचारी, आणि आम्ही हेच उत्तर अधिक मोठ्या आवाजात देत असू.

मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने 1880 साली छापलेल्या प्रवासवर्णनाच्या पुरवणीत या भाषेची यथेच्छ टवाळी केली आहे. ती वाचून आम्हीही हसलो. परंतु गटिंगेनला राहिल्यावर वाटू लागले, की त्यातले बरेचसे दुखणे इंग्रजीचे आहे, जर्मनचे नव्हे. इंग्रज 'मी थंड आहे' म्हणतो. जर्मन म्हणतो, 'मीअर इस्ट काल्ट', मला थंड आहे. चतुर्थी! आपणही 'मला थंडी वाजते' असेच म्हणतो. 'एकवीस' म्हणताना आपण आधी एक व मग वीस म्हणतो. तेही 'आइन-उंट-त्स्वान्त्सिख', एक उंट वीस. (2019 साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आले आणि केवढा गदारोळ झाला, ते वाचकांस आठवत असेल. जर्मन मुले आपल्या उंटासह सुखाने मोजत आहेत.) 'कारण', 'की', 'जर' यांनी सुरू होणाऱ्या गौणवाक्यात क्रियापद शेवटी येते. हे इंग्रजास कोडे वाटते. आपल्याकडे ते दुसरीकडे कोठे जाणार? परक्यास 'झी' म्हणावे, घरच्यास 'डू'. हे 'झी' म्हणजे 'ती'ही, 'ते लोक'ही आणि 'आपण'ही. ज्यांच्या 'ते'मध्ये मूल, पुष्कळ पुरुष व एकटे सासरे असे तिघेही मावतात, त्यांनी यास हसू नये. नातवास 'झी'शी अजून कर्तव्य नाही. त्यामुळे मराठीतही तो आम्हांस 'तू' म्हणतो. थोरल्या भावासही 'तुम्ही' म्हणत वाढलेल्या आमच्या कुटुंबास हे फारसे रुचले नाही.

समासांविषयी काय सांगावे! हातमोजा म्हणजे 'हांटशू', हाताचा जोडा. इस्पितळ म्हणजे रुग्णगृह, विमान म्हणजे उडावयाचे साधन, कासव म्हणजे ढालवाला बेडूक. अंत्यपदाचे जे लिंग तेच सबंध समासाचे, हा पाणिनीने तत्पुरुषास घातलेला नियम तेथे रस्त्यावर पाळला जातो. 'रेफ्रिजरेटर'ला ते म्हणतात थंड कपाट. आपल्याकडे कोणी 'शीतकपाट' म्हटले तर सभा हसते. तेथे हाच शब्द दुकानदार बोलतो, गिऱ्हाईक बोलते, व कोणास हसू येत नाही. आम्हांस याचा हेवा वाटला. अर्थात हौसेस मोल असते. 1999 साली मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या प्रांतात गुरांच्या मांसावरील चिठ्ठ्यांच्या देखरेखीचे काम कोणाकडे सोपवावे याविषयी एक कायदा झाला, व त्याच्या नावातील एका शब्दात 63 अक्षरे होती. 2013 साली कायदा रद्द झाला आणि शब्द पोरका झाला. बाणभट्टाने त्यास नक्की आसरा दिला असता; विषय मात्र बदलून घेतला असता.

आता आमची फजिती. जर्मन क्रियापदांचे उपसर्ग कधी कधी धातूस सोडून थेट वाक्याच्या शेवटी जाऊन बसतात. हे ऐकून आम्हांस भरून आले. वेदात उपसर्ग असेच धातूपासून दूर हिंडतात, आणि पाणिनीने छंदापुरती ती मोकळीक नमूद करून ठेवली आहे. म्हणजे ही वैदिक चाल! आम्ही ती लगेच उपयोगात आणली. सकाळी आम्ही जावईबापूंची सायकल घेऊन फिरत असू. शेजारच्या त्या आजीबाईंचा एक लहान, म्हातारा कुत्रा वाटेतच बसलेला असे. त्यांच्या मनास धीर द्यावा, म्हणून 'मी आपल्या कुत्र्यास वळसा घालून जातो' असे सांगण्याकरिता आम्ही वाक्य जुळविले, 'उमफारन' हा धातू घेतला, आणि त्यातील 'उम' मोठ्या डौलाने तोडून शेवटी नेऊन ठेवला. आजीबाईंनी कुत्रा उचलला, छातीशी धरला आणि त्या घरात गेल्या.

सायंकाळी कन्येने उलगडा केला. 'बाबा, हे दोन धातू आहेत. आघात मुळावर असला की वळसा घालणं, तेव्हा उम तोडायचा नाही. आघात उमवर असला की तो तुटतो, आणि मग अर्थ होतो, गाडीखाली घेणं.' त्वष्ट्याने इंद्रास मारणारा पुत्र मागितला, 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला, आणि मारणारा तोच मारला गेला, ही कथा आम्ही किमान तीस तुकड्यांना सांगितली असेल. ती आपल्या अंगावर अशी येईल, हे कधी मनात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आमचे कुटुंब बेसनाचे लाडू घेऊन त्या घरी गेले. त्यास जर्मनचे सहा शब्द येत होते. दीड तासाने ते परत आले ते आजीबाईंच्या सुनेच्या बाळंतपणाची हकीकत घेऊन.

गटिंगेन गावास जुन्या तटाची एक वर्तुळाकार वाट आहे, दुतर्फा झाडांची. तेथे सायंकाळी आम्ही व नातू फिरत असू, आणि येथेच आमचा खरा करार झाला: त्याने एक जर्मन शब्द द्यावा, आम्ही त्याबद्दल एक मराठी. चौकात जुन्या नगरभवनापुढे एका कारंज्यावर पाळीव पक्षी घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे, 1901 सालचा. नवा डॉक्टर झालेला प्रत्येक विद्यार्थी वर चढून तिचे चुंबन घेतो. (आमच्या वेळी परीक्षेनंतर मारुतीस नारळ फोडीत.) त्या पक्ष्याकडे बोट करून नातू म्हणाला, 'गान्स!' आम्ही म्हणालो, 'हंस!' त्यास वाटले, आजोबांना नीट म्हणता येत नाही. तो पुन्हा म्हणाला, 'गान्स.' आम्ही पुन्हा, 'हंस.' मग तो एकाएकी हसू लागला. शब्द एकच आहे, हे त्यास आमच्याही आधी कळले असावे.

त्या दिवसापासून खेळच झाला. नाझं, नासा. नामं, नाम. 'इस्ट' म्हणजे अस्ति, 'झिंट' म्हणजे सन्ति. फ्रांट्स बोप याने 1816 साली क्रियापदांच्या अशाच ताळ्यावरून तौलनिक व्याकरणाचा पाया घातला. याकोब ग्रिमने 1822 साली वर्णांच्या बदलाचा नियम मांडला: आपल्या 'द'चा इंग्रजीत 'ट' होतो व जर्मनमध्ये 'त्स'. दशचे टेन, टेनचे त्सेन. परीकथांचे ग्रिमबंधू ते हेच, आणि 1830 पासून ते याच गावात होते. राजाने राज्यघटना मोडली म्हणून सात प्राध्यापकांनी निषेध केला, त्यात हे दोघे होते. 1837 साली सातही जणांस काढून टाकण्यात आले. आणि आम्ही ज्यांचे महाभाष्य उशाशी ठेवून वाचले ते कीलहॉर्न? 1866 ते 1881 ते पुण्यात डेक्कन कॉलेजात होते, आपल्या शास्त्रीमंडळींजवळ बसून व्याकरण शिकले, आणि 1882 पासून 1908 साली मृत्यू येईपर्यंत गटिंगेनास त्यांनी संस्कृत शिकविले. डॉ. भांडारकरांस सन्मान्य पदवी 1885 साली याच विद्यापीठाने दिली. विद्यापीठाच्या जुन्या सभागृहापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. पुण्याहून तेथे गेलेला मनुष्य घरी मुळा-मुठेच्या गोष्टी कोणत्या भाषेत सांगत असेल, असे मनात येत होते. नातवाने हात ओढला. त्यास आइसक्रीम हवे होते.

तीन महिन्यांत आमचे जर्मन भाजी घेण्यापुरते झाले. त्याचे मराठी आमच्या जर्मनहून पुष्कळ पुढे गेले, मात्र त्यास त्या देशाचा वारा लागलेला. सकाळी पडदा सारून तो ओरडे, 'आजोबा, सूर्य आली!' किंडरगार्टनमधील मैत्रिणीविषयी सांगे, 'ते मुलगी मला मारला.' आम्ही प्रारंभी चुका दुरुस्त करीत होतो. मग सोडून दिले. दुभाष्या मधून उठला होता, आम्हांस एवढे पुरे होते.

निघण्याच्या दिवशी फ्रँकफर्टची गाडी वेळेवर आली नाही, त्यामुळे फलाटावर आणखी वीस मिनिटे मिळाली. कुटुंबाने त्याच्या खिशात खडीसाखर घातली. गाडी दिसू लागली तेव्हा आम्ही त्यास विचारले, 'काय रे, आम्ही पुढल्या वर्षी पुन्हा येऊ ना?'

तो म्हणाला, 'या!'

गाडीत बसल्यावर आम्ही म्हणालो, होकार जर्मनमधला होता. घरात तो कोणालाही अहो-जाहो करीत नाही. कुटुंब खिडकीबाहेर पाहत होते. ते म्हणाले, 'काही नाही, मराठीच होतं.'