आईची खिडकी

आमच्या आईच्या लेखी मोटार म्हणजे चार चाकांवर बसवलेली एक खिडकी. तरुणपणी सोनचाफ्याची पाटी घेऊन दादरच्या फुलबाजाराला जाताना तिने पहाटेच्या लोकलच्या दारात पुष्कळ वारा खाल्ला आहे; त्यामुळे आता ८२व्या वर्षीही गाडीत बसली, की तिचा हात आधी काचेच्या बटणाकडे जातो. रविवारी संध्याकाळी गिरीजहून भुईगावच्या समुद्रावर जायचे, घटकाभर लाटा पाहायच्या आणि परतायचे, हा आमचा नेम. पाऊस असो वा नसो, काच खाली हवी.

ती काच यंदा श्रावणात वर अडकली ती अडकलीच. "मला लोणच्यासारखी बरणीत घालून नेऊ नका," एवढे बोलून आई दोन रविवार घरीच राहिली. तिसऱ्या रविवारी तिने विषयसुद्धा काढला नाही, तेव्हा मात्र मला भय वाटले. या वयात माणूस एखादी गोष्ट सोडतो ती कायमचीच.

गॅरेजवाला म्हणाला, मोटारीसकट आतला सगळा सांगाडा बदलावा लागेल आणि तो यायला पंधरा दिवस लागतील. पूर्वीच्या फियाटचे बरे होते. हँडल फिरवले, की काच उतरली! ती काळी-पिवळी पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. बटणाच्या काचेची चैन १९४० साली पॅकार्ड या अमेरिकन गाडीत निघाली. आमच्या केळीच्या वाडीपर्यंत पोहोचायला तिला पाऊणशे वर्षे लागली आणि बिघडायला एक पावसाळा.

शेवटी मीच स्क्रू ड्रायव्हर हाती घेतला. फ्यूज शाबूत होता. दारावर मूठ मारून बटण दाबले, तर काच दोन बोटे खाली आली आणि पुन्हा रुसली. म्हणजे जीव होता! बॅटरीची ऋण तार सोडवली, काच वर ढकलून चिकटपट्टीने चौकटीला बांधली (नाहीतर ती दाराच्या पोटात कोसळते), हँडलच्या खोबणीत लपलेले स्क्रू काढले आणि दाराचे आतले पान ओढले. प्लास्टिकच्या खुंट्या कडाकड सुटल्या, दोन मोडल्याही. आतला प्लास्टिकचा पडदा सोलला, तो तळाशी चक्क पाणी! काचेच्या कडेने पावसाचे पाणी दारात शिरतेच; ते बाहेर पडावे म्हणून खाली बारीक भोके ठेवलेली असतात. आमची भोके कुजलेल्या चाफ्याच्या चिखलाने बुजली होती. गाडी आम्ही आईने लावलेल्या सोनचाफ्याखालीच उभी करतो. हे मी आईला अद्याप सांगितलेले नाही.

मोटार सोडवून बॅटरीला दोन तारांनी थेट जोडली. ढिम्म हलली नाही. बॅटरी धरून बसलेल्या आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मिक्सरसारखे हिचेही कार्बन अडकले असतील." मिक्सरचे कार्बन त्या स्वतः बदलतात, हे मी या लेखात कबूल करायचे नाही असे ठरवले होते. मोटारीचे झाकण उघडले. कार्बनचा एक तुकडा गंज आणि काजळीने खोबणीत घट्ट बसला होता; मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नव्हती. जुन्या दातांच्या ब्रशाने खोबण घासली, तांब्याच्या काळवंडलेल्या पट्ट्यांवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, दात्यांना ग्रीस लावले आणि तारा पुन्हा टेकवल्या.

मोटार गुणगुणली! तारा उलट जोडल्या, तर उलटी फिरली. वर-खाली करणाऱ्या त्या बटणाचे सगळे गुपित एवढेच, हे मला या वयात कळले. तासभर मी नुसत्या तारा उलटसुलट करत बसलो होतो.

भोके मोकळी करून दार पुन्हा जोडले. एक स्क्रू उरला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे.

रविवारी आईला आग्रह करावा लागला. पुढे बसल्यावर तिने बटणाकडे संशयाने पाहिले आणि दाबले. काच कण्हत, थांबत, पण पूर्ण खाली गेली. आई काही बोलली नाही. कोपर मात्र बाहेर काढले. भुईगावच्या अलीकडे पावसाची सर आली. माझ्या बाजूलाही त्या काचेचे एक बटण आहे. मी त्याला हात लावला.

"राहू दे रे," आई म्हणाली.

मागच्या आसनावर सौभाग्यवतींनी मुकाट्याने छत्री उघडली.