मोजमापावरचा संशय

सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपुरात उभारलेल्या जंतरमंतरमधील बृहत् सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच असून त्याच्या छायेवरून दोन सेकंदांपर्यंतचा भेद वाचता येतो, ही माहिती सर्वश्रुत आहे. मात्र एवढे प्रचंड यंत्र दगडचुन्यात का बांधावे लागले, याची ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिलेली मीमांसा अधिक मोलाची आहे. पितळी यंत्रे आकाराने लहान असल्यामुळे त्यांवर सूक्ष्म विभाग पाडता येत नाहीत, त्यांचे आस झिजून डळमळतात, मध्यबिंदू सरकतो आणि म्हणून वेध चुकतात, असे दोष तेथे एकेक करून मांडले आहेत. एकाच ठिकाणच्या वेधांवर विसंबून राहू नये म्हणून दिल्लीखेरीज जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही वेधशाळा उभारल्या गेल्या. ज्या दरबारात जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडितांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, त्याच दरबारातील ही शिस्त आहे.

याच जयपुरातील मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शिकून मोठ्या कंपन्यांत साइट रिलायबिलिटी इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडून नेमकी हीच शिस्त अपेक्षित असते. कोट्यवधी लोक वापरतात त्या संगणकीय सेवा अखंड चालू ठेवण्याचे काम प्रोग्रॅमिंगच्या पद्धतीने करणारी ही शाखा गूगलमध्ये 2003 साली बेन ट्रेनॉर स्लॉस यांच्या गटापासून सुरू झाली. तिच्या मुलाखतीत प्रोग्रॅम लिहिण्याची, लिनक्सच्या अंतरंगाची आणि मोठ्या प्रणालीच्या रचनेची परीक्षा होतेच. परंतु उमेदवाराचा खरा कस लागतो तो बिघाड शोधण्याच्या फेरीत, आणि तयारीत सर्वाधिक हेळसांड होते तीही याच फेरीची. आज्ञांच्या याद्या पाठ करून ही फेरी निभावत नाही, कारण येथे परीक्षक स्वतःच बिघडलेली प्रणाली होऊन बसतो आणि विचारले तेवढेच सांगतो.

समजा, सर्व्हरची डिस्क भरली आहे. ‘डीएफ’ ही आज्ञा शंभर टक्के वापर दाखवते, तर ‘डीयू’ने सगळ्या फोल्डरांची बेरीज केली असता ती जेमतेम निम्मी भरते. पाठांतरावर भिस्त ठेवणारा उमेदवार येथे फायली पुसण्याची घाई करतो. जाणकार उमेदवार आधी हे पाहतो की दोन मापे दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत: ‘डीएफ’ फाइल-प्रणालीला तिचा स्वतःचा हिशेब विचारते, तर ‘डीयू’ नावानिशी सापडतील तेवढ्याच फायली मोजत जाते. लिनक्समध्ये फाइल पुसली की प्रथम तिचे नाव जाते. चालू असलेल्या एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरलेली असेल, तर तिची जागा मोकळी होत नाही. म्हणजे कोणीतरी भलीमोठी लॉग-फाइल पुसली असावी आणि प्रोग्रॅम अजून तिच्यातच लिहीत असावा, हा तर्क पुढे येतो. उघड्या फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ने तो तपासता येतो आणि प्रोग्रॅमला लॉग नव्याने उघडायला लावले की जागा सुटते. तर्क खोटा ठरला, तर फायली असलेल्या फोल्डरावरच दुसरी डिस्क जोडली गेल्याने त्या झाकल्या गेल्या आहेत का, हे पाहावे लागते. परीक्षक गुण देतो तो या क्रमाला, आणि प्रत्येक तर्क तपासणीपूर्वी मोठ्याने बोलून दाखवण्याला.

आकडेमोडीची तयारी त्या मानाने सोपी आहे. 99.9 टक्के उपलब्धतेचे वचन दिले, तर 30 दिवसांत 43 मिनिटे 12 सेकंदांचा खंड चालतो आणि आणखी एक नऊ वाढवला की तोच सव्वाचार मिनिटांच्या आसपास येतो, एवढे हिशेब जिभेवर असले म्हणजे पुरे.

खरा अभ्यास हवा तो स्वतःच्या संगणकावर मुद्दाम बिघाड घडवून आणण्याचा: डिस्क भरावी, नावांवरून पत्ते शोधणारी डीएनएस सेवा तोडावी, मेमरी संपवावी, आणि दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी काय दिसेल असे वाटते ते वहीत लिहून मग प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. हे कष्टाचे काम आहे आणि एकट्याने करण्यापेक्षा मित्राला परीक्षक करून केलेले केव्हाही चांगले, कारण मित्र जाणूनबुजून फसवे आलेख पुढे ठेवू शकतो: सर्व्हरच्या आलेखावर एकही चूक दिसत नाही, तरीही ग्राहकांची तक्रार चालूच आहे, कारण त्यांच्या विनंत्या त्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरपाशी अडत आहेत.