नाकारलेला एक तास

पुण्यात शिवाजीनगरला हवामानखात्याची कचेरी आहे. पुणेकर तिला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिच्यावरून जाताना मला दरवेळी थोडी लाज वाटते. तिचे कारण सांगतो.

मी एका कचेरीचा कारभार पाहत असताना तेथे हिशेबाच्या कामावर एक अत्यंत हुशार बाई होत्या. बाळंतपणाच्या रजेनंतर काही महिने तासभर लवकर घरी जाण्याची परवानगी त्यांनी मागितली. नियमावर बोट ठेवून मी ती नाकारली. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आम्ही दोघे गृहस्थ नेमले. पण वर्ष लोटले तरी येणेबाकीचा मेळ बसेना. कोणता व्यापारी कसा फेडतो, हे वह्यांत नव्हतेच; ते बाईंना ठाऊक होते!

आता सिमला ऑफिसाचे पाहा. १९४८ साली त्रावणकोरच्या अन्ना मणी तेथे रुजू झाल्या. त्या काळी हवामानाची साधी उपकरणेही विलायतेहून येत. सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी सिद्ध केले आणि ती येथेच बनू लागली. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष! पुढे सौरप्रारण मोजणारी केंद्रे उभारली, ओझोनमापकही घडविला. १९७६ साली त्या उपमहासंचालकपदावरून निवृत्त झाल्या. २८ वर्षे पगार एका व्यक्तीचा, आणि मिळकत अख्ख्या खात्याची.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. परंतु रजेनंतरचा तो एक तास पुष्कळ ठिकाणी अजून माझ्यासारख्याच कुणाच्या मर्जीवर असतो.