आजीबाईंची लेक

पंडिता रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या त्या वादविवादात हरून नव्हे. शास्त्राची मातब्बरी त्यांना कोण सांगणार? कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले होते. त्या वळल्या लंडनच्या फुलॅममधले एक घर पाहून. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर सांभाळत होत्या. अशा बाईशी कोणी मायेने वागताना रमाबाईंनी तोवर कधी पाहिले नव्हते. हे कशापायी करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकवली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आपली चिमुकली लेक मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

खरी कुरबुर त्यानंतर सुरू झाली. ज्यांच्या सेवेने रमाबाई भारावल्या, त्या सिस्टरनाच आता त्यांचे प्रश्न खुपू लागले. येशूचा कुमारीपोटी जन्म, त्रैक्य, अथनासियाचा मतांगीकार, एकेक गोष्ट रमाबाई तपासून पाहायच्या. पटली तरच मान डोलवायच्या. पुन्हा मांस नको, अंडीही नकोत. जुन्या जातीचे काही संस्कार अजून सुटलेले नाहीत, हे त्यांनी पत्रात सरळ कबूलही केले. सिस्टर जेराल्डिन यांना या सगळ्यात अहंकाराचा वास येई. या जेराल्डिनबाईंना रमाबाई पत्रातून ‘आजीबाई’ म्हणत. जीव होता दोघींचा एकमेकींवर, म्हणून तर पत्रे इतकी तिखट. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच मोकळी झालेली मी दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे रमाबाईंनी बजावले होते.

आज ती पत्रे वाचताना जेराल्डिनबाईंचा राग येत नाही. कळवळा त्यांचा खराच होता. पण लेकीची श्रद्धा चर्चच्या मापात बसावी, ही घाई त्या मायेवर स्वार झाली.

मुंबईत १८८९ मध्ये शारदासदन निघाले तेव्हा रमाबाईंनी हे ध्यानात ठेवलेले दिसते. ब्राह्मण विधवांना तिथे आपले सोवळेओवळे पाळायची मुभा होती. ख्रिस्ती टीकाकारांना हे फारच सैल वाटले. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यातले हिंदू सल्लागार राजीनामे देऊन मोकळे झाले. दोन्हीकडून बोल खाणे या बाईंच्या नशिबीच होते!

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपासमारीने पार खंगलेल्या मुली त्यांनी केडगावला आणल्या. आधी पोटाला अन्न, मग औषधपाणी, मग अक्षरओळख आणि हाताला काम. अंधांसाठी ब्रेल आले, छापखाना आला. आणि ‘पतित’ म्हणून हाकलल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन उभे राहिले. फुलॅमला जे पाहिले, ते दौंड तालुक्यातल्या माळावर उगवले.

पण म्हणून रमाबाईंना सर्वसमावेशकतेची मूर्ती करून मखरात बसवू नये. उत्तरायुष्यात त्याही बायबलच्या बाबतीत कडव्या झाल्या, आणि केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ संस्थेतले वातावरण उघडच ख्रिस्ती होते. पण मतांची परीक्षा घेऊन तिथे कोणा भुकेलीला दारातून परत धाडले नाही, हे त्यांच्या पदरात घालावेच लागते.

गंमत म्हणजे आपल्यावर टीका करणारी ही पत्रे जपून, जुळवून ठेवली ती खुद्द जेराल्डिनबाईंनीच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. रमाबाईंविषयी काही बोलण्याआधी ती एकदा मुळातून वाचावीत.